उघडा प्रवाह वळविण्याचा प्रश्न : सी भाषेतील ‘एफरीओपन’ आणि परतीची वाट

१. प्रास्ताविक

आज्ञावलीने जे लिहावयाचे ते कोठे लिहावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. सी भाषेत तर त्याचे उत्तर आज्ञावलीची पहिली ओळ अंमलात येण्यापूर्वीच दिलेले असते. ‘स्टडइन’ हा आदान-प्रवाह, ‘स्टडआउट’ हा प्रदान-प्रवाह आणि ‘स्टडएरर’ हा दोषसूचनांचा प्रवाह, असे तीन प्रवाह आधीच उघडून तिच्या स्वाधीन केलेले असतात. ते कोठून येतात अथवा कोठे जातात, याची चौकशी करण्याचे तिला सहसा कारण पडत नाही.

परंतु काही प्रसंगी आज्ञावली चालू असतानाच असा उघडा प्रवाह दुसरीकडे वळवावा लागतो. पार्श्वभूमीत दीर्घकाळ चालणाऱ्या सेवेला आपल्या सूचना पडद्याऐवजी नोंदफाईलीत लिहावयाच्या असतात. एखादा परका कार्यसंग्रह सरळ स्टडआउटवर मजकूर छापीत असतो, आणि त्याच्या मूळ लेखनात फेरफार करणे आपल्या हाती नसते. अशा प्रसंगांसाठी सी भाषेच्या प्रमाण लायब्ररीत ‘एफरीओपन’ नावाचे फंक्शन आहे. प्रमाणग्रंथातील त्याचे वर्णन मोजक्या परिच्छेदांत संपते, आणि त्याचा उपयोगही एका ओळीत होतो. तथापि हे फंक्शन प्रथमच वापरणारा अभ्यासक थोड्याच वेळात एका प्रश्नापाशी येऊन थांबतो. वळविलेला प्रवाह पूर्वीच्या जागी परत कसा आणावा? या प्रश्नाला प्रमाण सी भाषेच्या मर्यादेत उत्तर नाही. ते का नाही, ते कोठे शोधावे, आणि शोधताना कोणती सावधगिरी न बाळगल्यास मजकूर निमूटपणे नाहीसा होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. फंक्शनांची व फाईलींची नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत.

२. प्रवाह आणि क्रमांक : दोन भिन्न थर

या विषयातील बहुतेक घोटाळे दोन भिन्न वस्तू एकच मानल्यामुळे होतात. म्हणून त्यांतील भेद आरंभीच स्पष्ट केला पाहिजे.

युनिक्स व तिच्या धर्तीवरील कार्यप्रणालींत प्रत्येक चालत्या प्रक्रियेसाठी गाभ्यामध्ये, म्हणजे कर्नलमध्ये, एक कोष्टक ठेवलेले असते. उघडलेल्या प्रत्येक फाईलीला त्या कोष्टकात एक लहानसा पूर्णांक मिळतो. त्याला आपण फाईल-क्रमांक म्हणू. संकेताने ० हा आदानाचा, १ हा प्रदानाचा आणि २ हा दोषसूचनांचा क्रमांक होय. नवी फाईल उघडताना कर्नल नेहमी रिकाम्या क्रमांकांपैकी सर्वांत लहान क्रमांक देते. हा नियम पोझिक्स प्रमाणात स्पष्ट नमूद आहे, आणि पुढील विवेचनात त्याचे महत्त्व वारंवार दिसून येईल.

क्रमांक हा फाईलीचा अखेरचा पत्ता मात्र नव्हे. कोष्टकातील प्रत्येक नोंद कर्नलमधील दुसऱ्या एका नोंदीकडे बोट दाखविते. फाईलीत आपण कोठपर्यंत आलो आहोत, याची खूण त्या दुसऱ्या नोंदीत असते. दोन क्रमांक एकाच नोंदीकडे बोट दाखवीत असतील तर त्यांची खूणही एकच राहते, आणि एकाने लिहिले की दुसऱ्याचेही स्थान पुढे सरकते.

सी भाषेचा प्रवाह हा याच्या वरचा थर होय. प्रवाह ही प्रक्रियेच्या स्वतःच्या स्मृतीतील एक रचना आहे. तिच्यात फाईल-क्रमांक, दोष व समाप्ती यांच्या खुणा, आणि मुख्य म्हणजे बफर असतो. ‘प्रिंटएफ’ने लिहिलेली अक्षरे प्रथम या बफरात साठतात, आणि योग्य वेळी एकदम कर्नलकडे जातात. बफराचे प्रमाणभूत आकारमान किमान २५६ असले पाहिजे, असे सी प्रमाण सांगते. लिनक्सवर सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘जीलिबसी’ या लायब्ररीत ते ८१९२ आहे. प्रवाह परस्परसंवादी उपकरणाशी, म्हणजे पडदा-कळफलक अशा टर्मिनलशी, जोडलेला असेल तर स्टडआउटचा बफर सामान्यतः प्रत्येक ओळीच्या अखेरीस रिकामा होतो. तो फाईलीशी वा नळीशी, म्हणजे ‘पाइप’शी, जोडलेला असेल तर बफर पूर्ण भरल्यावरच रिकामा होतो.

पाटाच्या पाण्याला दारे धरणाऱ्या शेतकऱ्याचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. तो एका वाफ्याचे तोंड मातीने बांधतो आणि दुसऱ्याचे फोडतो. पाणी तेच आणि पाटही तोच, केवळ ते जाऊन पडण्याची जागा बदलते. परंतु तोंड फोडण्याच्या क्षणी मोटेतून निघालेले आणि वाफ्यापर्यंत न पोहोचलेले असे काही पाणी पाटात असतेच. ते पहिल्या वाफ्याच्या वाटणीचे असूनही दुसऱ्यात जाते. प्रवाहाच्या बाबतीत बफर म्हणजे हाच पाट होय.

३. अशा फंक्शनाची गरज का पडली?

स्टडआउट हा एक दर्शकच असेल, तर त्याला ‘एफओपन’ने मिळालेला नवा दर्शक नेमून दिला की काम झाले, असे कोणाही जिज्ञासूला वाटेल. काही लायब्ऱ्यांत हे चालतेही. जीलिबसीमध्ये स्टडआउट हे साधे चल आहे. परंतु ही सोय सर्वत्र मिळेल अशी हमी नाही, आणि त्याचे कारण इतिहासात आहे.

बेल प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) प्रवाहांच्या रचना एका सारणीत ओळीने मांडलेल्या होत्या, आणि स्टडआउट हे त्या सारणीतील दुसऱ्या घरकाचा पत्ता दर्शविणारे केवळ एक संक्षेपनाम होते. घराचा पत्ता म्हणजे काही ज्यात मूल्य ठेवता येईल अशी जागा नव्हे, तेव्हा त्याला दुसरे मूल्य नेमून देण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही. आजही ‘मसल’ या आटोपशीर लायब्ररीत स्टडआउट हा अपरिवर्तनीय दर्शक म्हणून घोषित केलेला आहे.

याच कारणासाठी सातव्या आवृत्तीत एफरीओपनही होते. १९८९ साली अमेरिकेत सी भाषेचे प्रमाणीकरण झाले आणि १९९० साली तेच आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून स्वीकारले गेले. त्यात हे फंक्शन घेताना त्याचा प्रमुख उपयोग तळटीपेत दिला आहे. प्रमाण प्रवाहांची नावे बदलण्याजोगी असतीलच असे नाही, म्हणून त्यांना जोडलेली फाईल बदलण्यासाठी हे फंक्शन आहे, असा तिचा आशय आहे.

यात आणखी एक सोय साधते. प्रवाहाची रचना त्याच पत्त्यावर राहून तिच्या आतील आशय बदलतो. त्यामुळे तिचा पत्ता ज्यांनी ज्यांनी जवळ बाळगला असेल त्या सर्वांना बदल आपोआप लागू होतो. परक्या कार्यसंग्रहातील प्रिंटएफदेखील, त्याला काहीही न कळविता, नव्या फाईलीत लिहू लागते. दर्शक बदलण्याच्या युक्तीने हे साधले नसते, कारण आधीच नकलून ठेवलेले जुने दर्शक जुन्याच जागी लिहीत राहिले असते.

४. प्रमाणाने दिलेली आश्वासने

एफरीओपनला तीन गोष्टी द्यावयाच्या असतात : फाईलीचे नाव, उघडण्याची पद्धत आणि वळवावयाचा प्रवाह. ते प्रथम त्या प्रवाहाशी जोडलेली फाईल बंद करण्याचा प्रयत्न करते. बंद करण्यात अपयश आले तरी तिकडे दुर्लक्ष केले जाते. दोष व समाप्ती यांच्या खुणा पुसल्या जातात. मग नवी फाईल उघडून तोच प्रवाह तिला जोडला जातो. यश आल्यास तोच प्रवाह-दर्शक परत मिळतो, अपयश आल्यास शून्य-दर्शक मिळतो.

वरील वर्णनातील दोन गोष्टी विशेष लक्ष देण्यासारख्या आहेत. पहिली, बंद करतानाच्या अपयशाकडे होणारे दुर्लक्ष. बफरात शिल्लक असलेला मजकूर याच वेळी जुन्या फाईलीत जावयाचा असतो. तबकडीवर जागा उरली नसेल तर तो जाणार नाही, आणि एफरीओपन त्याविषयी एक अक्षरही बोलणार नाही. यास्तव वळविण्यापूर्वी स्वतः ‘एफफ्लश’ बोलावून त्याचे उत्तर तपासणे हेच शहाणपणाचे होय.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. नवी फाईल उघडता आली नाही, तर जुना प्रवाहही हातचा जातो. फाईलीच्या नावात एक अक्षर चुकले, त्या निर्देशिकेत लिहिण्याची परवानगी नसली, की स्टडआउट ना जुना राहतो ना नवा होतो. हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागण्याचाच हा प्रकार होय. स्टडआउटच्या बाबतीत निदान स्टडएररवर तक्रार तरी नोंदविता येते. स्टडएररच वळविताना हे घडले तर तक्रार नोंदविण्याची जागाच उरत नाही. परत आलेले उत्तर न तपासणाऱ्या आज्ञावलीत तर पुढील प्रत्येक लेखन व्यर्थ जाते, आणि आज्ञावली यथासांग संपल्यासारखी दिसते.

१९९९ च्या प्रमाणाने या फंक्शनाला आणखी एक अर्थ दिला. फाईलीच्या नावाऐवजी शून्य-दर्शक दिल्यास फाईल न बदलता केवळ उघडण्याची पद्धत बदलण्याचा प्रयत्न व्हावा. मात्र कोणते बदल चालतील हे प्रत्येक लायब्ररीवर सोपविले आहे. स्टडइन व स्टडआउट द्विमान पद्धतीत नेता यावेत, हा त्यामागील हेतू. ज्या प्रणालींत मजकुराच्या फाईली व द्विमान फाईली असा भेद आहे तेथे हे उपयुक्त आहे. युनिक्ससदृश प्रणालींत तो भेदच नसल्यामुळे लाभ काही नाही, उलट हानीचा संभव आहे. लेखनाच्या पद्धतीने पुन्हा उघडलेली साधी फाईल प्रथम रिकामी होते, आणि लेखन तिच्या आरंभापासून सुरू होते. कवच-आज्ञेत, म्हणजे ‘शेल’मध्ये, दोन आज्ञावली एकापाठोपाठ चालवून दोघींचे प्रदान मिळून एकाच फाईलीत वळविले असेल, आणि प्रत्येकीने आरंभी हा उपाय केला असेल, तर फाईलीत फक्त दुसरीचाच मजकूर उरतो. पोझिक्स प्रमाणाने हेच उदाहरण देऊन अशा उपयोगापासून परावृत्त केले आहे.

५. अंतर्गत कार्य : जुनी पद्धत व नवी पद्धत

सातव्या आवृत्तीतील एफरीओपनची रचना सरळ होती. प्रथम प्रवाह बंद करावयाचा, मग नवी फाईल उघडावयाची, आणि मिळालेला क्रमांक त्याच रचनेत नोंदवावयाचा. स्टडआउट बंद केल्यावर १ हा क्रमांक मोकळा होतो, आणि सर्वांत लहान मोकळा क्रमांक देण्याच्या नियमानुसार नव्या फाईलीलाही तोच मिळतो. हे गणित बहुधा जुळते, परंतु ते ० हा क्रमांक व्यापलेला असण्यावर अवलंबून आहे.

समजा, आज्ञावलीने आपला आदान-प्रवाह आधीच बंद केला आहे. अशा वेळी नवी फाईल ० वर बसते. आज्ञावलीच्या स्वतःच्या दृष्टीने काहीच बिघडत नाही, कारण तिचा प्रवाह आपल्या नव्या क्रमांकावर बिनचूक लिहितो. परंतु तिने ‘फोर्क’ व ‘एक्झेक’ यांच्या साहाय्याने दुसरी आज्ञावली सुरू केली, तर त्या अपत्य-आज्ञावलीला प्रवाह वारशाने मिळत नाहीत, फक्त क्रमांक मिळतात. ती संकेतानुसार १ वर लिहू पाहते, आणि १ तर बंद आहे. बहुधागी, म्हणजे एकाच वेळी अनेक धाग्यांनी चालणाऱ्या आज्ञावलीत याहून वाईट शक्यता असते. बंद करणे व उघडणे यांमधील क्षणात दुसऱ्या धाग्याने एखादी फाईल उघडली, तर मोकळा झालेला १ हा क्रमांक तिच्याच वाट्याला जाईल.

आजच्या लायब्ऱ्यांनी हा क्रम उलटा केला आहे. मसल लायब्ररीत प्रथम बफर रिकामा होतो. मग नवी फाईल एका स्वतंत्र प्रवाहात उघडली जाते. नंतर तिचा क्रमांक जुन्या क्रमांकावर नकलला जातो, आणि नव्या प्रवाहाचा आवश्यक आशय जुन्या रचनेत भरून नवा प्रवाह टाकून दिला जातो. जीलिबसीही नवी फाईल मिळाल्यावर ती जुन्या क्रमांकावर बसवून मूळ क्रमांक राखते. क्रमांक नकलण्याचे हे काम कर्नल एकसंध करते. जुने बंद होणे आणि नवे बसणे यांमध्ये दुसऱ्या धाग्याला शिरकाव करता येईल अशी फट राहत नाही. तरीही, नवी फाईल न उघडल्यास जुना प्रवाह बंद करण्याचे प्रमाणाचे बंधन या दोन्ही लायब्ऱ्या पाळतातच. अंतर्गत रचना सुधारली तरी बाह्य करार मात्र तोच आहे.

६. परतीची वाट

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रमाण सी भाषेला फक्त प्रवाह ठाऊक आहेत, क्रमांक ठाऊक नाहीत. एफरीओपनला नवी जागा सांगावयाची ती फाईलीच्या नावाने. परंतु आरंभीचा स्टडआउट ज्या जागी जोडलेला असतो तिला नाव असेलच असे नाही. ती जागा म्हणजे एखादी नळी असेल, जाळ्यावरील जोडणी असेल, अथवा कवचाने उघडून दिलेली व अर्धी लिहून झालेली फाईल असेल. जिला नाव नाही तिच्याकडे नावाने परत जाता येत नाही. भाषेच्या थरात परतीची वाट का नाही, याचे उत्तर एवढेच आहे.

‘/डेव्ह/टीटीवाय’ हे टर्मिनलचे नाव एफरीओपनला देऊन पडद्यावर परत येण्याची युक्ती पुष्कळांना परिचित असते. विंडोज प्रणालीत कन्सोलच्या राखीव नावाने तेच साधतात. परंतु ही परत येण्याची वाट नव्हे. येथे प्रवाह आरंभी पडद्यालाच जोडलेला होता, असे गृहीत धरले आहे. वापरणाऱ्याने आज्ञावलीचे प्रदान दुसरीच्या आदानास जोडले असेल, तर तिच्या हाती अर्धाच मजकूर जाईल आणि उरलेला कोणी न मागता पडद्यावर उमटेल. फाईलीच्या नावाने परत येण्याचा प्रयत्न त्याहूनही घातक ठरतो. लेखनाच्या पद्धतीने उघडताच तीमधील पूर्वीचा मजकूर पुसला जातो.

खरी वाट खालच्या थरात आहे. तेथे नावाची आवश्यकता नसते, कारण क्रमांकाचीच प्रत काढता येते. ‘डुप’ हे आवाहन एका क्रमांकाची प्रत सर्वांत लहान मोकळ्या क्रमांकावर काढते. ‘डुप-टू’ ती आपण सांगू त्या क्रमांकावर बसविते, आणि तेथे आधी काही उघडे असल्यास ते बंद करते. प्रत व मूळ एकाच नोंदीकडे बोट दाखवीत असल्यामुळे स्थानाची खूणही जतन होते. परत आल्यावर लेखन जेथे थांबले होते तेथूनच पुढे चालू होते. कवच-आज्ञेतील बाणाच्या चिन्हाने प्रदान वळविले जाते तेही याच साधनाने. कवच फोर्कने अपत्य निर्माण करते. ते अपत्य फाईल उघडून ती १ वर बसविते, आणि मगच इष्ट आज्ञावलीला चालना देते. त्या आज्ञावलीला यातील कशाचाही पत्ता नसतो.

यावरून वळविणे व परत येणे यांचा सुरक्षित क्रम पुढीलप्रमाणे ठरतो :

(१) स्टडआउटचा बफर एफफ्लशने रिकामा करावा व उत्तर तपासावे.
(२) १ या क्रमांकाची प्रत काढून जपून ठेवावी.
(३) नवी फाईल ‘ओपन’ने उघडावी. ती न उघडल्यास प्रत बंद करून येथेच थांबावे. काहीही गमावलेले नसते.
(४) नव्या फाईलीचा क्रमांक डुप-टूने १ वर बसवावा, आणि जादा क्रमांक बंद करावा.
(५) इष्ट लेखन करावे.
(६) बफर पुन्हा रिकामा करावा व उत्तर पुन्हा तपासावे. तबकडी भरल्याचे वृत्त बहुधा येथेच कळते.
(७) जपलेली प्रत डुप-टूने १ वर परत बसवावी, आणि प्रत बंद करावी.

या क्रमाचा मोठा गुण तिसऱ्या पायरीत आहे. नवे हाती आल्याशिवाय जुने सोडावयाचे नाही. एफरीओपनच्या करारात नेमके हेच नाही.

दुसऱ्या पायरीविषयी एक सूचना. जपलेली प्रत अपत्य-आज्ञावलींनाही वारशाने जाते. ती प्रत एखाद्या नळीच्या लेखनाच्या टोकाची असेल, आणि अपत्य दीर्घकाळ चालणारे असेल, तर नळीच्या दुसऱ्या टोकाला वाचीत बसलेल्या आज्ञावलीला समाप्तीची खूण कधीच मिळत नाही आणि ती ताटकळत राहते. यास्तव नवी आज्ञावली सुरू होताच प्रत आपोआप बंद व्हावी, अशी खूण तिच्यावर करावी. २००८ च्या पोझिक्स प्रमाणात प्रत काढतानाच अशी खूण करण्याची सोय आहे.

७. पाटातील पाणी

पहिली व सहावी पायरी गाळल्यास काय होते, हे एका छोट्या प्रयोगाने पडताळून पाहता येईल. प्रिंटएफने ‘आरंभ’ अशी एक ओळ छापावी. बफर रिकामा न करता, नवी फाईल उघडून तिचा क्रमांक डुप-टूने १ वर बसवावा. मग ‘मजकूर’ अशी दुसरी ओळ छापून आज्ञावली संपवावी.

ही आज्ञावली टर्मिनलवर चालविल्यास ‘आरंभ’ पडद्यावर दिसते आणि ‘मजकूर’ फाईलीत जातो. सर्व काही अपेक्षेप्रमाणे झाले, असे वाटते. आता तीच आज्ञावली, एकही अक्षर न बदलता, प्रदान दुसऱ्या आज्ञावलीच्या नळीस जोडून चालवावी. नळीतून काहीच येत नाही, आणि दोन्ही ओळी फाईलीत आढळतात. कारण उघड आहे. टर्मिनलवर बफर ओळीगणिक रिकामा झाला होता. नळीशी जोडलेला असताना ‘आरंभ’ ही ओळ बफरातच पडून राहिली, आणि वाफ्याचे तोंड बदलल्यावर ती दुसऱ्या वाफ्यात गेली. डुप-टूला फक्त क्रमांक दिसतो. त्याच्या वर बफर नावाचा पाट आहे, हे कर्नलच्या गावीही नसते.

या दोषाचे उपद्रवमूल्य त्याच्या लपून राहण्यात आहे. लेखकाच्या टेबलावर चाचणी घेताना तो दिसत नाही, आणि रात्री आपोआप चालणाऱ्या कामात मात्र हटकून प्रकट होतो. अशीच गत फोर्कपूर्वी बफर रिकामा न केल्यास होते. बफर प्रक्रियेच्या स्मृतीत असल्यामुळे त्याचीही प्रत निघते. पुढे दोघींनीही आपापले बफर रिकामे केले, तर एकच मजकूर दोनदा उमटतो.

परत येण्याच्या वेळी आणखी एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. एफरीओपनने प्रवाह फाईलीकडे नेला आणि डुप-टूने तो टर्मिनलकडे परत आणला, तर बफराची पद्धत मात्र फाईलीचीच, म्हणजे पूर्ण भरल्यावर रिकामी होणारी, राहू शकते. त्यामुळे वापरणाऱ्याला विचारलेला प्रश्न पडद्यावर न दिसता आज्ञावली उत्तराची वाट पाहात थांबते. बफराची पद्धत ठरविणारे ‘सेटव्हीबफ’ हे फंक्शन प्रवाह उघडल्यानंतर व इतर कोणतीही क्रिया होण्यापूर्वीच वापरावयाचे असते, त्यामुळे ते येथे कामी येईलच असे नाही. अशा आज्ञावलीत प्रत्येक प्रश्नानंतर एफफ्लश करणे हाच निर्धोक उपाय होय. वळविणे व परतणे ही दोन्ही कामे डुप-टूनेच केली, तर आरंभी ठरलेली पद्धत टिकून राहते.

८. आदान-प्रवाहाची निराळी अडचण

आतापर्यंतचे विवेचन प्रदानाविषयी झाले. आदानाच्या बाबतीत पाट उलट दिशेने वाहतो, आणि अडचण अधिक अवघड होते. स्टडइनमधून एक ओळ मागितली तरी लायब्ररी कर्नलकडून बरीच अधिक अक्षरे एकदम आणून बफरात ठेविते. आदान नळीतून येत असेल, तर ही अक्षरे नळीतून कायमची निघालेली असतात. मोटेने उपसलेले पाणी विहिरीत परत सोडावे, तशी कोणतीही सोय नळीच्या बाबतीत नाही. अशा स्थितीत स्टडइनवर एफरीओपन बोलाविल्यास बफरातील न वाचलेला भाग नाहीसा होतो. केवळ डुप-टू वापरल्यास तो भाग नव्या फाईलीतील मजकुराच्या आधी येऊन मिसळतो. एफफ्लशनेही सुटका होत नाही, कारण आदान-प्रवाहावर त्याचा परिणाम काय व्हावा हे सी प्रमाणाने ठरविलेलेच नाही.

म्हणून आदान-प्रवाह एकदाच, वाचनास आरंभ होण्यापूर्वी वळवावा, आणि परत आणण्याच्या भानगडीत पडू नये. मधूनच दुसरीकडून वाचावयाचे असेल तर त्यासाठी एफओपनने स्वतंत्र प्रवाह उघडावा. आज्ञावली-लेखनाच्या स्पर्धांत विद्यार्थी आरंभीच्या दोन ओळींत एफरीओपन वापरून आदान व प्रदान फाईलींना जोडून टाकतात. तो उपयोग निर्दोष ठरतो तो याचमुळे. तेथे वळण एकदाच, आरंभीच असते, आणि परतावयाचे नसते.

९. वळविणे खरोखर आवश्यक आहे काय?

शेवटी एका मूलभूत गोष्टीचा विचार केला पाहिजे. स्टडआउट हा संपूर्ण प्रक्रियेचा सामाईक प्रवाह आहे. तो वळविला की सर्व धाग्यांचे, सर्व कार्यसंग्रहांचे आणि पुढे जन्मणाऱ्या अपत्यांचे प्रदान वळते. एका सारणीची छपाई फाईलीत व्हावी एवढ्यासाठी सबंध गावाचा पाट फिरविणे उचित नव्हे. छपाई करणारे फंक्शन आपल्याच हातचे असेल, तर त्याला प्रवाह-दर्शक हे एक अधिक प्राचल द्यावे, आणि त्याने प्रिंटएफऐवजी ‘एफप्रिंटएफ’ वापरावे. मजकूर फाईलीत न जाता स्मृतीतच हवा असेल, तर २००८ च्या पोझिक्स प्रमाणातील ‘ओपन-मेमस्ट्रीम’ हे फंक्शन तशा प्रवाहाची सोय करते. यात परतीचा प्रश्नच उद्‌भवत नाही, कारण कोणीही आपली जागा सोडलेली नसते.

१०. निष्कर्ष

एफरीओपन हे एकेरी वाटेचे साधन आहे, आणि त्या मर्यादेत ते उत्तम आहे. दीर्घकाळ चालणाऱ्या सेवेने आरंभीच आपले प्रवाह नोंदफाईलीकडे अथवा ‘/डेव्ह/नल’कडे वळवावयाचे असतील तर त्याच्याइतके सोपे साधन नाही. मात्र वळविण्यापूर्वी बफर स्वतः रिकामा करावा, आणि मिळालेले उत्तर तपासावे. परत यावयाचे असेल तर काम क्रमांकांच्या थरात, प्रत जपून व सांगितलेल्या क्रमाने करावे. केवळ आपलाच मजकूर दुसरीकडे लिहावयाचा असेल तर वळविण्याच्या वाटेस जाऊच नये.

परतीची वाट नसणे हा लायब्ररीकारांचा विसराळूपणा नव्हे. ज्या थराला नावापलीकडचे काही दिसत नाही, त्याला निनावी जागी परत जाता येत नाही, आणि ज्या थराला क्रमांकापलीकडचे काही दिसत नाही, त्याला बफरातील मजकूर सांभाळता येत नाही. हे दोन थर एकमेकांपासून अलग ठेवल्यामुळेच एकच आज्ञावली पडदा, फाईल व नळी यांच्याशी सारख्याच सहजतेने बोलू शकते. त्या सोयीचे मोल म्हणून, दोन थरांच्या सीमेवर काम करताना दोहोंची काळजी वाहण्याचे दायित्व आज्ञावलीच्या लेखकाकडे येते. ते त्याने ओळखले, तर प्रवाह वळेल, परतेल, आणि मधल्या मधे एकही अक्षर हरवणार नाही.